पांढरीपांडे काकांची सहावी

लहान मूल दिसलं की लोक त्याचं नाव विचारतात, गाल ओढतात. पांढरीपांडे काका इयत्ता विचारत.

"कितवीत?"

मूल भारतीय असो, अमेरिकन असो, देवळात असो की डॉक्टरकडे रडत असो, काकांचा पहिला प्रश्न हाच. तिसरी-चौथी असं उत्तर आलं की समाधानाने मान हलवत. पाचवी म्हटलं की चेहरा एकदम गंभीर. मग मुलाला सोडून त्याच्या आईबापांकडे वळत आणि म्हणत, "मग पुढं काय ठरवून राहिले?"

एकदा एका मित्राच्या मुलाच्या बारशाला काका पाळण्यावर वाकले, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "याची सहावी यायला अजून वेळ आहे. तोवर आपलं सगळं होऊन जाते." मुलाच्या आईला ते ज्योतिषी वाटले. तिने भक्तिभावाने बाळाची जन्मवेळ सांगितली. काकांनी तीही ऐकून घेतली आणि म्हणाले, "सप्टेंबरच्या आधीचा आहे ना? मग शाळेचं वर्ष वाया नाही जात, काही प्रॉब्लेम नाही."

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी अमेरिकेत आले, विजेचे कारखाने उभारण्याच्या कामात हयात घालवली आणि रिटायर होऊन अल्फारेटा नावाच्या गावात घर घेऊन राहिले. आमचं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या आडनावाचा उच्चार करायला निघालेला अमेरिकन माणूस मध्येच कुठेतरी दमून बसे, म्हणून शाळेत ते 'मिस्टर पी' होते.

आता ही शाळा. काकांच्या घरामागच्या रस्त्यावर गालिच्यांचं एक मोठं दुकान बंद पडलं होतं, त्यात एक चार्टर स्कूल भरायची. म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, बिनफीची, पण पालक, शिक्षक आणि आसपासच्या चार माणसांच्या मंडळाने चालवलेली शाळा. एका बाजूला दाताचा डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला कोंबडीचे पंख तळून विकणारं हॉटेल. जेवणाच्या सुट्टीआधीचा गणिताचा तास कुणाच्याच डोक्यात शिरत नसे, इतका वास सुटायचा.

काका तिथे पहिल्यांदा गेले ते भांडायला. सकाळी मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांची रांग त्यांच्या फाटकापर्यंत यायची आणि त्यांची गाडी बाहेर निघायची नाही. मुख्याध्यापिका मिसेस हॉलंड या उंच, शांत, सगळ्यांना 'हनी' म्हणणाऱ्या बाई. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रांग कशी लावावी, तुम्ही दाखवता का?" दुसऱ्या दिवशी काका नारिंगी जाकीट घालून रस्त्यात उभे. वर्षभरात ते शाळेच्या मंडळावर गेले.

माझी त्यांच्याशी ओळख त्या रांगेतच झाली. माझी मुलगी सानिका तेव्हा चौथीत होती. काकांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, गाड्या राहत. मी बरेच दिवस 'निळी व्हॅन, चौथी' होतो. पुढच्या वर्षी त्यांनी मला बढती दिली. "निळी व्हॅन! पाचवी ना? उतरा जरा, बोलायचं आहे."

शाळा पाचवीपर्यंतच होती. पाचवी झाली की मुलं विखुरायची. काही जवळच्या मोठ्या सरकारी शाळेत, काही लांबच्या, काही खासगी. काकांनी मंडळात ठराव मांडला की सहावी सुरू करायची, मग सातवी, मग आठवी. मंडळातले लोक हसले. जागा नाही, लॅब नाही, मैदान म्हणजे पार्किंग लॉट. पण मिसेस हॉलंड हसल्या नाहीत. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शाळा बोर्डाची परवानगी लागेल, त्या म्हणाल्या, आणि बोर्ड पहिल्यांदा हेच विचारेल की वर्ग भरेल एवढी मुलं कुठे आहेत?

"मुलं मी आणतो," काका म्हणाले.

तिथून अल्फारेटातल्या पालकांचे वाईट दिवस सुरू झाले. शनिवारी सकाळी काका इंडियन ग्रोसरीत कढीपत्त्याजवळ उभे राहायचे. तिथे प्रत्येकाला यावंच लागतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मुद्दाम मध्यभागी उभे. हातात भरलेली प्लेट असलेला माणूस पळू शकत नाही, हे दुसरं निरीक्षण. मी स्वतः एका गृहस्थाला काका दिसताच फ्रोझन पराठ्यांच्या फ्रीजचं दार उघडून त्यामागे लपताना पाहिलं. काका दार बंद होईपर्यंत शांतपणे थांबले. शेवटी थंडीने तो माणूसच बाहेर आला.

"तिकडच्या शाळेत केवढी मोठी लॅब आहे, काका," लोक म्हणत.

"लॅब मोठी आहे बाप्पा, मान्य. पण तुमचं पोट्टं त्या लॅबमध्ये कोणाच्या बाजूला बसन?"

या प्रश्नाचा रोख कुणालाच कळत नसे. मलाही कळला नव्हता.

फक्त आपल्याच लोकांकडे जाऊन भागणार नव्हतं. काका चर्चच्या केक विक्रीला गेले आणि डायबेटिस असून केक खाऊन आले. तिथे ब्रियाना नावाच्या मुलीची आजी भेटली. ब्रियाना म्हणजे सानिकाची जिवलग मैत्रीण. आजी खमकी होती. तिने विचारलं, "तुमच्या सहावीत बँड असेल का?"

"नॉट येट, मॅडम," काका म्हणाले. "बट वी हॅव व्हेरी गुड नॉइज."

आजी इतकी हसली की तिने ब्रियानाचं नाव तिथल्या तिथे दिलं. सानिकाचं मी आधीच दिलं होतं. न देऊन सांगतो कुणाला. काकू म्हणायच्या, "हे झोपेतही हजेरी घेऊन राहिले. परवा मलाच म्हणाले, प्रेझेंट म्हण."

बोर्डाच्या सुनावणीला आम्ही बरेच पालक गेलो होतो. काका सुटात. त्यांनी भलेमोठे तक्ते केले होते, रंगीत. पण बोलायला मिळणारी मिनिटं अगदी मोजकी होती आणि तक्त्याचा स्टँडच उघडेना. तो उघडण्यात निम्मा वेळ गेला. वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. काकांनी स्टँड सोडून दिला, माइकजवळ आले आणि त्यांच्या त्या ठसठशीत इंग्रजीत म्हणाले, "ही मुलं आत्ता कुठे एकमेकांची झाली आहेत. त्यांना अजून थोडी वर्षं एकत्र राहू द्या. बाकी सगळं या कागदांवर आहे."

बोर्डावरच्या एका बाईंनी विचारलं, "सर, तुमचं मूल कोणत्या इयत्तेत आहे?"

"माय डॉटर इज ट्वेंटी-सेव्हन, मॅडम."

लोक हसले. बाईही हसल्या. "मग तुम्ही इथे कसे?"

"आय ॲम लेट," ते म्हणाले.

पुन्हा हशा. लाल दिवा लागला आणि काका खाली येऊन बसले. ते मात्र हसत नव्हते.

परवानगी मिळाली, पण फक्त सहावीची. पुढच्या इयत्ता पटसंख्या बघून, एकेक करून. काकांना तेवढं पुरलं. उन्हाळाभर त्यांनी दुकानाचं जुनं गोदाम रिकामं करून घेतलं, स्वतः भिंती रंगवल्या. ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हा नारिंगी जाकिटाखाली नवा शर्ट होता. सानिका आणि ब्रियाना गाडीतून उतरून हात धरून आत पळाल्या. काकांनी रांग थांबवली आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. "वाजवा," काका म्हणाले, "आज वाजवा."

डिसेंबरात माझं प्रोजेक्ट बंद झालं. व्हिसावरच्या माणसाला निवडीला फारसा वाव नसतो. कंपनीने बेलव्ह्यूचं काम दिलं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि जानेवारीतच जायचं होतं. सानिका दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिच्या आईने, मंजिरीने, मला सांगितलं, "काकांना फोनवर नको सांगूस. घरी जाऊ."

आम्ही दुपारी गेलो. मी सांगितलं. काकांनी ऐकलं, "अच्छा" म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात गेले. पाइनच्या वाळक्या काड्या झाडून काढायला लागले. ते काम काही निकडीचं नव्हतं.

"रागावले का?" मंजिरीने विचारलं.

"नाही गं," काकू म्हणाल्या. त्यांनी चहाचे कप आमच्यापुढे सरकवले. मग सांगायला लागल्या.

"यांचं काम कसं, एक प्लांट उभा झाला की दुसरीकडे चला. आमची मृण्मयी प्रत्येक वेळी नव्या शाळेत. कधी वर्षाच्या सुरुवातीला, कधी मध्येच. मार्क चांगले असायचे, तक्रार कधी केली नाही. आम्हाला वाटलं, पोरगी समजदार आहे. मग तिचं लग्न झालं. हॉलमध्ये नवरीच्या मैत्रिणींसाठी एक टेबल ठेवलं होतं. जावयाकडचं टेबल गच्च, शाळेपासूनचे मित्र, धिंगाणा नुसता. आणि आमच्या टेबलावर कोणीच नाही. मग यांनी आपल्या ऑफिसातले दोन म्हातारे इंजिनीअर तिथं नेऊन बसवले. ते बिचारे मन लावून जेवले."

मंजिरीला हसू आलं आणि लगेच गेलंही.

"त्या दिवशी यांनी तिला विचारलं, बेटा, तुझं कोणी आलं नाही? ती म्हणाली, बाबा, कोणाला बोलावणार होते? शाळेत मी एकटीच जेवायची. एवढंच. भांडली नाही, काही नाही. पण तेव्हापासून हे तिच्याशी नीट बोलू शकत नाहीत. वाढदिवसाला फोन, दिवाळीला फोन. कशी आहेस, बरी आहे, घे आईशी बोल."

मागचं दार वाजलं. काका आत आले, हात धुतले, पुसले आणि मला म्हणाले, "बेलव्ह्यू म्हणाले ना तुम्ही? मृण्मयी तिथंच असते."

त्यांनी फोन उचलला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. वाढदिवस नव्हता आणि दिवाळीही होऊन गेली होती.

"मृण्मयी, मी बोलून राहिलो. नाही नाही, आई बरी आहे. सगळे बरे आहेत. एक काम होतं तुझ्याकडे." त्यांनी आवाज नीट केला. "एक मुलगी येऊन राहिली तिकडे. सहावीत आहे. वर्षाच्या मध्येच. तिचं तिथं कोणी नाही. तर मला असं वाटलं, का तुला माहीत असन… की अशा मुलीला काय लागते."

काका फोन घट्ट धरून उभे होते. मग ते "हो" म्हणाले. पुन्हा एकदा "हो, बेटा" म्हणाले, फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

बेलव्ह्यूला आम्ही पोचलो तेव्हा बारीक पाऊस होता. शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी शाळेच्याच दारात एक तरुणी उभी होती, गळ्यात ऑफिसचा बॅज, डोळे अगदी काकांसारखे. तिने आम्हाला नमस्कार केला आणि सरळ सानिकाकडे गेली. दोघी इंग्रजीत बोलल्या. "क्लास इज ओके. लंच इज द वर्स्ट पार्ट," मृण्मयी म्हणाली. "मी लंचला येऊ?"

सानिकाने मान हलवली. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कशाला तरी हो म्हणत होती.

आम्ही शाळेची परवानगी काढून दिली. जेवणाच्या सुट्टीत मृण्मयी ऑफिसातून यायची, छातीवर पाहुण्यांचं स्टिकर लावून त्या ठेंगण्या बाकावर बसायची आणि आपला डबा खायची. ही मोठी बाई कोण, म्हणून एक मुलगी विचारायला आली. मग ती तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. मृण्मयी म्हणे फार बोलायची नाही, नुसती सरकून जागा करून द्यायची.

आणि एका शुक्रवारी सानिकाने सकाळीच तिला फोन केला. "ताई, आज नको येऊस ना. देअर इज नो रूम ऑन द बेंच."

मृण्मयीने हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज हसरा होता, पण जरा ओला. "दादा, मला पहिल्यांदाच कुणी नको म्हटलं आणि बरं वाटलं," ती म्हणाली.

रविवारी मी अल्फारेटाला फोन लावला. म्हटलं, ही बातमी काकांना आपण द्यावी. फोन काकूंनी घेतला.

"काका आहेत का?"

"आहेत ना. पण ते त्या मोबाइलवर आहेत. मृण्मयीचा आहे." काकूंनी आवाज खाली आणला. "जेवण वाढून ठेवलं ते तसंच आहे. ती सांगून राहिली आणि हे ऐकून राहिले. कोणत्या गावी कोणती शाळा, कोण बाई चांगली होती, कोण पोट्टे चिडवायचे, सगळं. हे नुसते म्हणतात, मग? मग काय झालं? बोलावू का त्यांना?"

"नको काकू," मी म्हणालो. "बोलू द्या."