चार डोनाल्ड आणि एक ईमेल

ईमेलमध्ये एकही चूक नव्हती, आणि शेजारच्या ह्यूई गिलिसला नेमका त्याचाच संशय आला.

"बघ फ्लोरा," ओटकेकचा तुकडा चहात बुडवत तो म्हणाला, "खरा माणूस इतकं शुद्ध कशाला लिहील? चुकू नये म्हणून जपतो, तो चोर."

"लायब्ररीतली ब्रेंडा तर उलटं सांगून गेली. खोट्या मेलात चुका असतात म्हणे."

"ते जुने चोर. आता तेही शिकले."

फ्लोरा गिलिसने चष्मा पुसला आणि मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. तो हार्बरपेचा, म्हणजे फोनवरून पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचा होता. निदान तसं त्यावर लिहिलेलं तरी होतं. 'प्रिय फ्लोरा गिलिस, आपल्या खात्यात संशयास्पद व्यवहार आढळले आहेत. शुक्रवारपर्यंत आपली ओळख पटवून द्यावी. अन्यथा जमा झालेली रक्कम ज्याची त्याला परत पाठवण्यात येईल.' खाली निळं बटण होतं, आणि त्यावर 'येथे दाबा'.

ग्लेन बॅरा गावच्या हॉलमधली, हिवाळ्यात तो गरम ठेवणारी भट्टी वसंतातच मेली होती. नवी बसवायची म्हणून गावाने चाउडरचं, म्हणजे माशांच्या दाट सूपचं जेवण आणि फिडलवादनाची रात्र ठरवली, आणि तिकिटांचे पैसे फोनवरून घ्यायची टूम फ्लोरानेच काढली. खातंही तिच्याच नावावर उघडलं. तिकिटं हातोहात खपली. आता भट्टीवाला जवळच्या सिडनी शहरातून शनिवारी यायचा होता, पण आगाऊ रक्कम हातात पडली तरच. नाहीतर तो दुसऱ्या गावाला जाणार, बर्फ पडणार, आणि हॉलला कुलूप लागणार ते थेट एप्रिलपर्यंत.

म्हणजे मेल खरा असून दुर्लक्ष केलं तरी पैसे गेले, आणि खोटा असून बटण दाबलं तरी पैसे गेले. हॉल बंद म्हणजे गुरुवारचं सूप बंद, पत्ते बंद, गप्पा बंद. फ्लोराला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा हिवाळा त्या हॉलमध्येच जायचा. घरात काय, वारा आणि टीव्ही.

रस्त्यावर गाडीचा आवाज आला. फ्लोराने बोलता बोलता दोन बोटांनी स्वयंपाकघराचा पडदा सारला.

"अ‍ॅलेक. आज लवकर परतला. मासळीचे पिंजरे रिकामेच दिसतात."

"तुझं लक्ष मेलात आहे की रस्त्यावर?"

"दोन्हीकडे," फ्लोरा म्हणाली आणि पडदा सोडला. "हे बघ, नाव बरोबर घातलंय. ब्रेंडा म्हणाली, खरी कंपनी नावानं हाक मारते. हा गुण. पण शुक्रवारची घाई लावलीय. घाई चोराची असते. हा अवगुण. पत्ता बरोबर दिसतोय, तो गुण. बटण दिलंय, तो अवगुण."

"म्हणजे अर्धा खरा, अर्धा खोटा. माझ्या मेव्हण्यासारखा."

"आणि मला सांग, संशयास्पद म्हणजे काय असेल? कोणाचे पैसे संशयास्पद असतील?" फ्लोराचे डोळे चमकले. भीती होतीच, पण उत्सुकता भीतीच्या पुढे दोन पावलं चालत होती. "ह्यूई, मला हे कळल्याशिवाय झोप यायची नाही."

ब्रेंडाने एक गोष्ट मात्र पक्की सांगितली होती. मेलमधलं काही दाबायचं नाही. कंपनीच्या पानावर आपलं आपण जायचं, तिथला नंबर घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. फ्लोराने एका बोटाने एकेक अक्षर शोधत कंपनीचं पान उघडलं, नंबर लावला आणि ह्यूईलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक तरुण आवाज आला.

"हार्बरपेमध्ये आपलं स्वागत. मी रोमेल बोलतोय. काय मदत करू?"

"तू कोणाचा रे?" फ्लोराने विचारलं.

"काय म्हणालात, मॅडम?"

"कोणाचा तू? वडील कोण तुझे?"

ग्लेन बॅरात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच. उत्तर मिळालं की खुर्ची आणि चहा. नाही मिळालं तर दार लोटून बोलायचं.

"मॅडम, घरचं काही सांगायची आम्हाला परवानगी नाही."

"मग तू खरा कशावरून?"

"मॅडम, फोन तुम्ही मला केलाय."

ह्यूईने मान डोलावली. "बरोबर बोलला पोरगा."

"तू गप. बरं बाळा, तुमचा हा मेल आलाय, तो खरा का?"

"बघतो. आधी तुमची ओळख पटवून घेतो. पूर्ण नाव?"

"फ्लोरा गिलिस."

"आईचं माहेरचं आडनाव?"

"गिलिस."

"नाही, सासरचं नाही. माहेरचं."

"गिलिसच. सासरचंही गिलिस."

"मॅडम, तुमचं लग्नाआधीचं आडनाव?"

"गिलिस."

"प्रश्न नीट ऐका हं मॅडम. प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर चालत नाही."

"अरे, तू प्रश्न बदललास म्हणून माझी आई बदलणार आहे का?"

ह्यूईला चहाचा ठसका लागला. रोमेल आणखी काहीतरी टिपत होता, त्याची खटखट ऐकू येत होती. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मेल आमचाच आहे. खरा आहे."

फ्लोराने सुटकेचा श्वास टाकला. पण तो पुरता बाहेर पडायच्या आत रोमेल पुढे म्हणाला, "शंका तुमच्याबद्दल आहे."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्या खात्यात चार डोनाल्ड गिलिसांनी पैसे भरलेत. तीन मेरी गिलिस, दोन ह्यू गिलिस. सगळे एकाच पिनकोडचे. आमच्या मशीनचं म्हणणं, कोणीतरी एकच माणूस खोटी नावं घेऊन पैसे फिरवतोय. आणि खोटी नावंसुद्धा धड सुचत नाहीत त्याला."

सकाळपासून जी बाई मेल खोटा की खरा हे पारखत बसली होती, तीच खोटी ठरली. फ्लोरा ताठ झाली.

"खोटे? चारही डोनाल्ड हाडामांसाचे आहेत. त्यातल्या एकाला मी लहानपणी न्हाऊ घातलंय!"

"मग ते वेगळे आहेत हे मशीनला कसं सांगू? काहीतरी फरक हवा, मॅडम."

"लिही. एक डोनाल्ड डोंगरावरचा. एक डोनाल्ड पोस्टाचा. दोन डोनाल्ड रोरीचे."

"हे दोघे पुन्हा एकच झाले."

"रोरी वेगळे वेगळे आहेत."

"रोरीचे वडील?"

"दोघांचेही अँगस."

रोमेलने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग तो हसायलाच लागला, आणि हसता हसता नियम विसरला. "आजी, आमच्याकडे माझे तीन मामा आहेत. फिलिपिन्समध्ये तिघांनाही 'बॉय' म्हणतात. मोठा बॉय, लंगडा बॉय आणि दुबईचा बॉय. हाक मारली की तिघंही येतात."

"तुझी आई कोण?"

"एर्लिंडा. विनिपेगला नर्स आहे."

"एर्लिंडाचा," फ्लोराने समाधानाने मान हलवली. "मग आधी सांगायचं की रे! आता बोलू आपण मोकळेपणानं. गावात पाठीमागे म्हणतात ती नावं चालतील का?"

"चालतील. ओळखीच्या रकान्यात टाकतो."

"बाहेर जायची नाहीत ना?"

"छे. आतल्या आत राहतील."

फ्लोराने पडदा सारून बाहेर कोणी नाही ना पाहिलं, आणि आवाज खाली आणला. पहिला रोरीचा डोनाल्ड, त्याने धक्क्याला बांधलेली स्वतःची बोट बुडवली होती. तो बुडीत डोनाल्ड. दुसरा चहाला बोलावतो आणि किटली ठेवायला विसरतो. तो कोरडा डोनाल्ड. मेरींपैकी एक पाहुण्याला बिस्कीट मोडून देते. ती मेरी अर्धं बिस्कीट.

"आणि ह्यू?"

"एक फादर ह्यू. दुसरा ह्यूई उद्या."

"उद्या?" ह्यूई खुर्चीतून उठलाच. "मी कधी उद्या म्हणतो?"

"माझ्या कुंपणाचं फाटक कधी बसवणार आहेस?"

"उद्या," ह्यूई म्हणाला आणि पुन्हा बसला.

"आता शेवटचं," रोमेल म्हणाला. "फ्लोरा गिलिस पण दोन दिसतात. त्यातल्या तुम्ही कुठल्या, हे दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. तुम्ही ऐकायचं नाही, असा नियम आहे."

ह्यूईने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. बाहेरच्या पडवीत जाऊन त्याने दार ओढून घेतलं. काचेतून फ्लोराला त्याची पाठ दिसत होती. पाठ हलत होती. माणूस रडतो तेव्हाही हलते, पण ह्यूई रडत नव्हता.

"काय सांगितलंस?" तो आत येताच तिने विचारलं.

"खरं तेच."

"म्हणजे काय?"

"ते आतल्या आत राहील," म्हणत ह्यूईने उरलेला ओटकेक खिशात घातला आणि चालू पडला.

दुसऱ्या दिवशी खातं मोकळं झालं. आगाऊ रक्कम पोचली, आणि शनिवारी भट्टीवाला आला. हॉलने ऊब धरली तशी फ्लोराने नव्या भट्टीला पाठ लावून डोळे मिटले. सगळं छान झालं होतं. ह्यूईने काय सांगितलं तेवढं कळायचं राहिलं होतं, आणि ते तिला दाढेत अडकलेल्या धाग्यासारखं टोचत होतं.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"फ्लोरा, डोनाल्ड बोलतोय. रोरीचा."

"कुठल्या रोरीचा?"

"तेच विचारायचंय. हार्बरपेकडून तिकिटाची पावती आलीय. वर लिहिलंय, 'प्रिय बुडीत डोनाल्ड'. हा मेल खरा असेल का?"

फ्लोराच्या हातातली पळी तशीच राहिली. मशीनने ओळखीचा रकाना उचलून सरळ पावत्यांवर छापला होता. सगळ्यांच्या.

"खरा... वाटतो," ती कशीबशी म्हणाली.

"मलाही," डोनाल्ड गंभीरपणे म्हणाला. "परक्या चोराला हे कुठनं कळणार?"

दुपारपर्यंत गावभर एकच चर्चा होती. आश्चर्य म्हणजे मेल खोटा आहे, असं एकालाही वाटलं नाही. कोरड्या डोनाल्डने त्या संध्याकाळी चौघांना चहाला बोलावलं, आणि किटली आधी ठेवली. गुरुवारी सूपच्या वेळी मेरीने फ्लोरापुढे बिस्किटांची आख्खी टोपली आपटली.

"मोज," ती म्हणाली, "एक तरी मोडलेलं आहे का!"

फ्लोराने मान खाली घालून सूप संपवलं आणि घर गाठलं. आपलीही पावती आली असणार, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिकीट तर तिनेही काढलं होतं. कोट न काढताच ती टेबलाशी बसली आणि चष्मा चढवला. ह्यूईने पडवीत काय सांगितलं, ते आता कळणार होतं.

'प्रिय फ्लोरा पडदा,' असं वर लिहिलं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. अक्षरं तपासली नाहीत, पत्ता पाहिला नाही, गुण-अवगुण मोजले नाहीत. मेल खरा होता.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी आली. फ्लोराचा हात सवयीने उठला, आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबला. गाडी सावकाश पुढे गेली. फारच सावकाश. फाटकाशी तर जवळजवळ उभीच राहिली. अ‍ॅलेक असेल? की फादर? या वेळी फादर कशाला? फ्लोराने हात मांडीखाली दाबून धरला. गाडी वळणावर गेली, आवाज विरला. ती उठली, भांडी पुसली, पुसलेली भांडी पुन्हा पुसली. शेवटी राहवेना, तेव्हा तिने फोन उचलला.

"ह्यूई, आत्ता माझ्या दारावरून कोण गेलं रे?"

"मीच," ह्यूई म्हणाला. "पडदा हलतो का, ते बघत होतो."