पंक्चर भाऊजींची अस्वलं

मी फक्त एवढंच म्हणालो होतो, "त्यात काय, मी जातो की!" काही वाक्यं माणसाने वेळीच गिळायला शिकावं. (मी आठवीत शाळा सोडली. तो धडा बहुधा नववीला असावा.)

झालं असं, की बायकोच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत सापडली आहे. ऑपरेशन करू, मग काही महिने औषधं. घाबरू नका." बायको घाबरली नाही. घाबरायचं सगळं काम मी अंगावर घेतलं. (घरातली कामं वाटून घ्यावीत, असं ती नेहमी म्हणते.)

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथे विमा फक्त नशिबाचा. पण बायको कापडी खेळण्यांच्या कारखान्यात होती आणि तिच्याकडे विम्याचं कार्ड होतं. ऑपरेशन त्या कार्डावरच होणार होतं. फक्त मालकांचा एक नियम होता: टेबल रिकामं ठेवायचं नाही. टेबल रिकामं, तर नाव कमी. नाव कमी, तर कार्ड बंद. म्हणून आजारी बाई घरातलं कोणीतरी बदलीवर पाठवायची. कुणाची बहीण यायची, कुणाची नणंद. आमच्या घरात मी होतो.

"अहो, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?" बायकोने विचारलं.

"मी चाकात तारा ओवतो!" मी छाती काढून म्हणालो.

तिने उशीला टेकून माझी काळी बोटं निरखून पाहिली. मग म्हणाली, "माझं टेबल सांभाळा हो. बाकी काही म्हणणं नाही."

तिच्याकडे अस्वलांची तोंडं शिवायचं काम होतं. दोन डोळे, एक नाक आणि एक हसू. हॉल भरून बायका, आणि मधोमध मी. मला चार माणसांत शिंकायलाही लाज वाटते. मान खाली घालून बसलो, ती मान जेवणाच्या सुट्टीत वर केली. तोवर माझं बारसं होऊन गेलं होतं.

"पंक्चर भाऊजी, पाणी हवंय का?" शेजारच्या टेबलावरची कानवाली म्हणाली. (ती कान शिवायची.)

"भाऊजी, त्या बिचाऱ्याला का दाबताय?" पलीकडच्या दुसरीने विचारलं.

मी पाहिलं, तर खरंच मी अस्वलाचं पोट अंगठ्याने दाबून बघत होतो. हवा बरोबर आहे का ते! सवय हो, दुसरं काय.

अस्वलं पांढरी होती. माझ्या बोटांतलं काळं ऑइल साबणाने गेलं नव्हतं, रॉकेलने गेलं नव्हतं, सासूबाईंच्या नजरेनेही गेलं नव्हतं. ते अस्वलांच्या गालांवर मात्र आनंदाने गेलं. मुकादमबाई आल्या. एकेक अस्वल उचलून बघू लागल्या.

"गालांना काळा लेप कसला हा? यांना गालफुगी झाली आहे का?"

"नाही बाई. हात..."

"आणि हे तोंड? हे अस्वल रडतंय का?"

तोंडाचा घोटाळा मला स्वतःला कळत नव्हता. टाका ओढला की मी तो चेन ताणावी तसा ताणायचो, आणि ओठांची टोकं खाली यायची. एखाद्याचं तोंड तर असं झालं होतं, की डॉक्टरांनी त्यालाही बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं असावं.

एक अस्वल मी घरी दाखवायला नेलं. बायकोने ते उलटसुलट करून पाहिलं.

"अहो, हे तर थेट तुमच्यासारखं दिसतंय!"

"शिवताना तुझाच विचार करत होतो गं."

"माझा विचार करून हे तोंड?" ती पोट धरून हसायला लागली. पोट दुखलं तरी हसत राहिली. मग सुई घेतली आणि पडल्या पडल्या मला शिकवू लागली. "टोकाला थोडी ढील द्या. हसू ओढून आणायचं नसतं."

मी ढील दिली. दुसऱ्या दिवशी अस्वलांची तोंडं उघडी राहू लागली. आता ती रडत नव्हती, नुसती किंचाळत होती.

ऑपरेशन चार दिवसांवर आलं आणि मालक स्वतः हॉलमध्ये उगवले. मागे हमाल, त्याच्या डोक्यावर खोकं. दुकानदाराने माल परत पाठवला होता. मालकांनी एक अस्वल वर धरलं.

"हे बघून एक पोरगं पलंगाखाली जाऊन बसलं! कुणी शिवलं हे?"

मी उभा राहिलो.

"तुम्ही? उद्यापासून येऊ नका."

मला पुढचं सगळं दिसलं. टेबल रिकामं, नाव कमी, कार्ड बंद. आणि तिला सांगणार कोण? तर मीच. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्याने बोललो.

"मालक, सगळी अस्वलं उसवतो. रात्रभर बसतो. पण तिचं कार्ड उसवू नका! चार दिवसांनी ऑपरेशन आहे हो तिचं."

मालक मुकादमबाईंकडे वळले. "या माणसाला इथे बसवलंच का?"

"तुमच्या नियमानं," मुकादमबाई शांतपणे म्हणाल्या. "टेबल रिकामं ठेवायचं नाही ना!"

"अहो, पण यांच्यापेक्षा रिकामं टेबल परवडलं असतं!"

"मग ठेवा की रिकामं. तिचं नाव राहू द्या, कार्ड राहू द्या. तोंडं आम्ही आपसात वाटून घेतो."

"घेतो, घेतो!" सगळीकडून आवाज आला. कानवाली तर म्हणाली, "माझ्याकडे दोन जास्त द्या, पण भाऊजींना घरी पाठवा." (यात प्रेम किती आणि भीती किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.)

मालकांनी हातातल्या अस्वलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा अस्वलाकडे. त्यांना हसू आवरेना.

"ठीक आहे. ती बरी होईपर्यंत जागा तिची, कार्डही तिचं. पण अट आहे. तुम्ही या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

मी त्यांचे हात हातात घेतले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ऑइल लागलं. मग मी पळालोच.

ऑपरेशन उत्तम झालं. औषधं संपली, केस गेले आणि परत आले, आणि बायको पुन्हा आपल्या टेबलावर बसली. परवा ती कामावरून हसत हसत आली. म्हणाली, "अहो, तुम्ही आमच्या कारखान्याचं कल्याण केलंत!"

"मी?" माझी छाती नकळत पुढे आली.

"आता आजारपणाची रजा कुणाला नाकारत नाहीत. मालकांनी जराशी कुरकुर केली, की बायका एवढंच म्हणतात, 'मग बदलीवर पंक्चर भाऊजींना पाठवू का?' लगेच सही होते."