हिबाची कोण?

ऑफिसात चहा पिता पिता धसकेराव नुसतं "हो" म्हणाले. चूक झाली ती एवढीच. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं.

धसकेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. विमा कंपनीत ते घरांना लागलेल्या आगींचे दावे तपासत. दिवसभर जळके पडदे, वितळलेल्या खुर्च्या आणि काळीठिक्कर पडलेली स्वयंपाकघरं यांचे फोटो बघायचे, आणि संध्याकाळी घरी येऊन आपले पडदे जागेवर आहेत ना ते बघायचं. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण तीनदा तपासल्याशिवाय त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. केकवरची मेणबत्तीसुद्धा ते हातभर लांबून फुंकत. (ती विझत नसे, हा भाग वेगळा.) आणि इतक्या वर्षांत त्यांनी एक गोष्ट पक्की हेरली होती. आग केवढीही असो, घरमालकाचा जबाब एकाच वाक्याने सुरू होतो: 'घरी छोटासाच कार्यक्रम होता.'

तर बायकोचा पन्नासावा वाढदिवस जवळ आला होता. काय हवं, असं त्यांनी विचारलं होतं.

"काही नको," ती भांडी पुसत म्हणाली. "फक्त त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सगळ्यांचं मीच रांधते आणि शेवटी गार झालेलं एकटी जेवते. हॉटेलही नको, आईच्या गुडघ्यांना तिथल्या खुर्च्या मानवत नाहीत. घरीच, सगळ्यांच्या बरोबर बसून, गरम गरम. जमलं तर बघा."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर धसकेरावांनी नेहमीसारखं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण ती अगदी हळू म्हणाली, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. या एका दिवशी तरी हिला गरम जेवायला मिळालंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. (ठरवलं म्हणजे ऑफिसातल्या कॅशियरला विचारलं.)

"त्यात काय! हिबाची शेफ बोलवा घरी," कॅशियर म्हणाला. "जपानी पद्धत. टेबलाएवढा लोखंडी तवा तोच आणतो, सामान तोच आणतो, तुमच्यासमोर भाजून थेट ताटात वाढतो, जाताना सगळं धुऊनपुसून जातो. वहिनींनी नुसतं बसायचं. सांगू का त्याला?"

"हो," धसकेराव म्हणाले.

"आणि मजा काय येते! कालथे काय उडवतो, अंडी काय झेलतो! मधेच कांद्याच्या चकत्यांचा डोंगर रचतो, त्यात तेल ओततो आणि असा ज्वालामुखी पेटवतो, की जाळ पार छताला..."

धसकेराव "नको, नको" म्हणायला गेले. पण तोवर कॅशियरने निरोप धाडलासुद्धा होता.

शेफचा फोन आला तो संध्याकाळी, घरी. वाढदिवसाची गंमत फुटू नये म्हणून धसकेराव फोन घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले. व्हरांड्याच्या खिडकीपाशी आतल्या बाजूला सासूबाई विणत बसल्या होत्या. मुक्काम महिनाभराचा होता. त्यांना कमी ऐकू येतं अशी घरात समजूत होती, आणि ती साफ चुकीची होती. त्यांना नको तेवढंच कमी ऐकू येई.

"बोला, बोला. हिबाची चौकशी मीच केली होती," धसकेराव तोंडावर हात धरून कुजबुजले. "हो, शनिवारी. हिबाची वेळ सातची ठेवू. मागच्या दाराने आणा, पुढून नको. छे हो, बायकोला यातलं काहीएक माहीत नाही. कळता कामा नये... काय सांगता? इतकी गरम असते? नाही, नाही, मी हात नाही लावणार. मी आपला लांबूनच बघेन."

आत विणायच्या सुया थांबल्या.

(पुढचं धसकेरावांना फार उशिरा कळलं. वाचकांना मात्र आत्ताच कळलेलं बरं.)

"ही हिबा कोण गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"कोण हिबा?"

"मला काय विचारतेस? शनिवारी मागच्या दाराने यायचीय. वेळही ठरलीय तिची. नाव तेवढं गोड आहे मेलीचं."

दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता पसरली. चहा कोमट येऊ लागला. धसकेरावांना वाटलं, आपण वाढदिवस विसरलो अशी हिची समजूत झालीय. बरंच आहे, म्हणजे गंमत वाढेल. पण मग तिचे डोळे लाल दिसू लागले, ती ताटातलं नुसतं चिवडू लागली, आणि धसकेरावांचा जीव खालीवर होऊ लागला.

"काय झालं गं?"

"काही नाही."

('काही नाही' हे उत्तर ज्याने ऐकलंय त्याला आगीची भीती ती काय?)

"मला काही सांगायचंय का तुम्हाला?" शेवटी तिनेच एकदा जेवताना विचारलं.

धसकेरावांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी दात आवळले. "सांगायचंय ना. शनिवारी. सगळ्यांसमोरच सांगतो."

ती ताटावरून उठून गेली. धसकेरावांनी तिच्या मागे जायला हवं होतं. ते गेले नाहीत, कारण त्यांना दुसरीच काळजी कुरतडत होती. शेफला त्यांनी पुन्हा फोन करून जाळ किती वर जातो ते विचारलं होतं, आणि शेफ म्हणाला होता, "साहेब, तुम्हाला किती हवा?" धसकेरावांना तो अजिबात नको होता. पण बायकोला गरम जेवण हवं होतं, आणि एकाशिवाय दुसरं मिळण्यातलं नव्हतं. त्यांनी गुपचूप आग विझवायचा एक लाल सिलिंडर विकत आणला, व्हरांड्यात आपल्या खुर्चीमागे ठेवला आणि त्यावर जुनी चादर टाकली. मग मेहुण्याला फोन केला.

"शनिवारी सातच्या आत या. सगळ्यांसमोर एक गोष्ट उघड करायचीय. ताईला मात्र आत्ता काही बोलू नका."

मेहुणा व्यायामशाळा चालवत असे. "येतोच मी," तो म्हणाला. आवाज जरा जडच होता, पण धसकेरावांनी तो सर्दीच्या खाती टाकला.

शनिवारी मेहुणा आला तोच बाह्या सरसावून. आल्या आल्या तो मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. सासूबाई व्हरांड्यात मधोमध खुर्ची टाकून बसल्या. बायको चांगले कपडे करून, पण कुणाच्या तरी दुःखाला आल्यासारखी कोपऱ्यात बसली होती. धसकेराव मात्र टेबल सरकव, पडदा बांध, चादरीखाली सिलिंडर आहे ना ते बघ, असे येरझाऱ्या घालत होते.

"फार घाई झालेली दिसतेय, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"व्हायचीच! पहिल्यांदाच आणतोय ना घरी."

मेहुण्याच्या मुठी वळल्या. एवढ्यात मागच्या दाराची बेल वाजली. मेहुण्याने खाडकन दार उघडलं. दारात उंच पांढरी टोपी घातलेला मिशीवाला माणूस उभा होता.

"नमस्कार. हिबाची आणलीये."

"कुठेय ती?"

"टेम्पोत. उतरवायला चौघं तरी लागतील."

"चौघं?" सासूबाईंनी गालावर हात ठेवला. "अगं बाई, एवढी?"

"जड आहे हो. आणि जरा जपून, मागच्या घरी एकाचा पाय सापडला होता तिच्याखाली."

मेहुण्याने दोन पावलं मागे घेतली.

"तुम्ही हिबाचे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हिबाची शेफ."

"म्हणजे स्वयंपाक्याला घेऊनच फिरते ती! बघ गं, बघ. नाहीतर तू."

"मी फिरतो तिला घेऊन, आजी. ती कशी फिरेल? तवा आहे तो."

बायको खुर्चीतून उठली.

"तवा?"

"हिबाची म्हणजे तवाच, ताई. साहेबांनी ठरवलाय. म्हणाले, बायकोला वाढदिवसाला ओट्याशी उभं राहावं लागता कामा नये. समोर बसून गरम गरम जेवली पाहिजे."

बायकोने धसकेरावांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग ती एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता हसायला लागली. "अहो, आठवडाभर मी... आणि तुम्ही फोनवर म्हणे, 'हात नाही लावणार'!" सगळा उलगडा झाला तेव्हा धसकेरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याने बाह्या खाली केल्या आणि मुकाट्याने तवा उतरवायला गेला.

"मी नुसती बसून राहायचं?" बायकोने डोळे पुसत विचारलं.

"नुसती."

"आणि गरम?"

"चटका बसेल इतकं!"

ती टेबलाशी ताठ बसली, नव्या नवरीसारखी. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून धसकेरावांना भरून आलं. आपण आयुष्यात एक काम धड केलं, असं त्यांना वाटलं. इथेच कार्यक्रम संपायला हवा होता.

पण शेफने कामाला सुरुवात केली. कोळंबी चर्रर्र करत तव्यावर उतरली. कालथे हवेत उडाले, अंडी टोपीत जाऊन पडली, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक चर्ररला धसकेराव खुर्चीतून थोडे वर उठत होते आणि थोडे मागे सरकत होते. बायकोने त्यांचा हात धरला. "बसा ना शांत. काही होत नाही." त्यांनी मान हलवली. आज बसायचं, आपण काहीही झालं तरी बसायचं, अशी त्यांनी मनात शपथ घेतली.

भाताचा ढीग तयार झाला. भाज्या परतून झाल्या. आता वाढायचंच बाकी होतं.

"आणि आता," शेफ म्हणाला, "वाढदिवसाचा ज्वालामुखी!"

चकतीवर चकती चढली. त्यात तेलाची धार पडली. धसकेरावांच्या कानात कुणीतरी जबाब लिहून घेऊ लागलं: 'घरी छोटासाच कार्यक्रम होता...' भक्कन जाळ उठला. तसा तो हातभरच होता, पण धसकेरावांना ब्रह्मांड आठवलं.

"सगळे खाली!" ते ओरडले. चादर उडाली, पिन निघाली, आणि लाल सिलिंडरने फुस्स करून आपलं काम चोख बजावलं.

पांढरा धूर खाली बसला तेव्हा ज्वालामुखी विझला होता. कोळंबी, भाज्या आणि भात पावडरीखाली गडप झाले होते. शेफच्या मिशीला अकाली म्हातारपण आलं होतं. मेहुणा सांगितल्याप्रमाणे टेबलाखाली होता. सासूबाई भुवयांवरून बोट फिरवून बघत होत्या, भुवया आहेत की नाहीत ते.

"साहेब," शेफ शेवटी म्हणाला, "ज्वालामुखीला लोक टाळ्या वाजवतात."

धसकेरावांनी बायकोकडे बघायची हिंमत केली. ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली होती. ती उठली आणि सवयीने स्वयंपाकघराकडे चालू लागली. माणसं उपाशी आहेत म्हटल्यावर तिचे पाय दुसरीकडे कुठे वळणार? ते बघून धसकेरावांच्या काळजात चर्र झालं. ते धावत पुढे गेले आणि दारात हात पसरून उभे राहिले.

"नाही! तू आत पाऊल टाकायचं नाहीस. मी करतो."

"तुम्ही?"

"अंडी आहेत. पाव आहे. मी करतो."

तिने खुर्ची ओढली आणि उंबऱ्याच्या बरोबर बाहेर मांडून बसली. मागे सासूबाई, मेहुणा आणि शेफ गोळा झाले. धसकेरावांनी ॲप्रन बांधला, अंडी फोडली (काही भांड्यात, काही बाहीवर), तवा शेगडीवर ठेवला आणि बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"आता काय?" बायकोने विचारलं.

"हे कुठल्या बाजूला फिरवायचं असतं?"

"अहो, रोज रात्री तीनदा काय तपासता मग?"

"बंद आहे का ते," धसकेराव पडेल आवाजात म्हणाले. "चालू कधी केलंच नाही."

शेवटी शेफने आत येऊन गॅस पेटवला. धसकेरावांनी हात लांब करून, मान मागे वळवून अंडी परतली. खालून करपली, वरून कच्ची राहिली, आणि मिठाचं कुणालाच काही सांगता आलं नाही. पण पहिलं ताट बायकोच्या मांडीवर गेलं. तिने घास घेतला, आणि चटका बसून तोंडावर हात धरला.

"गरम आहे," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

धसकेरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते गॅसकडे वळले आणि बटण तीनदा तपासू लागले.

सासूबाई आपल्या ताटातलं टरफल बाजूला काढत लेकीच्या कानाशी वाकल्या. आवाज मात्र साऱ्या घराला ऐकू गेला.

"काय गं, म्हणजे ती हिबा नाहीच?"

"नाहीच, आई."

सासूबाईंनी जावयाकडे एकदा नीट पाहिलं. पांढरं डोकं, उलटा बांधलेला ॲप्रन, बाहीवरून ओघळणारा बलक.

"वाचली हो बिचारी," त्या म्हणाल्या.