चिमक्याची जात

जात ठरल्याशिवाय या जगात कोणालाही नीट बसता येत नाही. मग ती फांदी असो की ओसरी. अकोल्याकडच्या डोंगरात हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाई. विज्ञान तिथे महायुद्धाच्या सुमारास पोहोचले, तेही छकड्यातून.

छकड्यातून उतरले ते एक पेन्शनर पारशी साहेब. त्यांना झाडीतला चिमक्या पाहायचा होता. अंगठ्याएवढा जीव, पोट पिवळे, गळा मात्र दरबारी गवयाचा. गाव त्याला चिमण्यांच्या भावकीत धरी. साहेबांनी महिनाभर त्याचे गाणे ऐकले, चोच, पाय, जीभ तपासली आणि जाहीर केले, की हा चिमण्यांतला नव्हेच. आजपासून बुलबुलांच्या भावकीतला.

हा निकाल चावडीवर मराठीत सांगितला शलमोन मास्तरांनी. मिशनच्या शाळेवर ते नुकतेच आले होते आणि शाळेच्या पडवीत बिऱ्हाड करून होते. पत्नी मरियाचे दिवस भरत आलेले. बाळंतिणीला दार लावता येईल अशी खोली हवी होती, आणि गावात रिकामी खोली एकच, साळूबाईंची.

"साहेबांनी जीब बघून सांगितलंय, मंग इषय मिटला," आप्पासाहेब पाटील म्हणाले. गावाने चिमक्याला तिथल्या तिथे बुलबुल मानले. (बुलबुलांना विचारले नाही. ते उंबरावर कामात होते.)

गाव एवढे उदार झालेले पाहून मास्तर तडक साळूबाईंकडे गेले.

"देते की खोली! तुमी मानूस लई गुनाचं. फकस्त जात सांगा."

"ख्रिस्ती."

"त्ये ठावं हाय. त्याच्या आधीची?"

"ती आजोबांनीच सोडली, साळूबाई."

"सोडली म्हंजी कुटंतरी पडली आसंल की!"

"चिमक्याची नाही का एका सकाळीत बदलली?"

"आवो, पाखरू त्ये! त्याला कुटं आमच्या रांजनातलं पानी प्यायचंय?"

हा शास्त्रीय युक्तिवाद घेऊन मास्तर पडवीत परतले. मरिया पडवीतच बाळंत झाली, सभोवार गोणपाट बांधून. मुलीचे नाव दया ठेवले. गावात ती तेवढीच होती.

त्याच आठवड्यात रिकाम्या खोलीच्या वळचणीला चिमक्याने घरटे केले. "बुलबुलाच्या घरचं हाय," असे साळूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

आता काळ बदलला, वाचक सुधारले. तरीही मास्तरांचे आजोबा मूळचे कोण, हे सांगायचे राहिले असे ज्यांना मघापासून वाटते आहे, त्यांनी संकोच करू नये. साळूबाईंच्या ओसरीवर त्यांच्यासाठी घोंगडी अंथरलेलीच आहे.