योमसरांचे बारा मनोरे

"अकरा! त्या प्योच्या व्याख्यानाला अभिनंदनाचे अकरा फुलांचे मनोरे आले होते!" प्राध्यापक योम सूपच्या वाडग्यात पुटपुटले.

"वर्ष झालं त्याला!" त्यांच्या पत्नी ह्यन-सुकबाई म्हणाल्या. "भात खा आधी."

"यंदा मानाचं व्याख्यान माझं आहे. बारा येणार, बघच!"

"कोण पाठवणार?"

"येतील गं!"

तीस वर्षं योमसर शेवाळाकडे बघत आले होते, पण डोळ्यांत सलत होते ते प्योसरांचे फुलांचे मनोरे. माणसाहून उंच, तीन मजली, रेशमी पट्टीवर पाठवणाऱ्याचं नाव! मुंग्यांवर बोलणाऱ्याला अकरा, म्हणजे काय!

दुपारी विद्यापीठातल्या आपल्या खोलीचं दार लावून त्यांनी फुलवालीला फोन केला. समोर यादी होती. 'शेवाळ अभ्यास मंडळ', 'ओला दगड मित्रसंघ'... अजून जन्माला न आलेल्या बारा संस्था!

"बारा ना? पाठवणाऱ्याचं नाव काय घालू?"

तेवढ्यात दार ढकलून प्योसर आत! "योमसर, चहाची एखादी पुडी आहे का हो?"

यादी पुस्तकाखाली सारून योमसर फोनमध्ये गरजले, "प्राध्यापक योम दोक-सू बोलतोय!" आणि फोन आपटला.

प्योसर तासभर मुंग्यांवर बोलले. यादी पुस्तकाखालीच राहिली.

शुक्रवारी सभागृहाबाहेर बारा मनोरे वऱ्हाडासारखे नटून उभे! योमसरांनी दोनदा मोजले. मोजण्याच्या नादात वाचायचं राहिलं.

अधिष्ठाता मॅडमनी पहिली पट्टी वाचली, दुसरी वाचली, तिसरीला त्या छताकडे बघू लागल्या. "फुलं किती ताजी!"

"वास छान येतोय सर," कारकूनबाई म्हणाल्या. विद्यार्थी तोंडावर हात ठेवून फोटो काढत होते.

तेव्हा कुठे योमसरांनी वाचलं. 'हार्दिक अभिनंदन! – प्राध्यापक योम दोक-सू.' बाराच्या बारा!

व्याख्यानात ते काय बोलले, ते शेवाळालाच ठाऊक. टाळ्या मात्र फार वाजल्या, म्हणजे दया येऊन वाजतात तशा.

सगळे पांगले. प्योसर तेवढे मागे राहिले. एक पट्टी सरळ करत हळूच म्हणाले, "सगळे स्वतःच पाठवलेत ना?"

योमसरांचे कान मिरचीसारखे लाल झाले.

"अहो, माझेही मीच पाठवले होते. फक्त नावं दुकानात जाऊन लिहून दिली."

योमसरांच्या छातीवरचा धोंडाच उतरला! "अकराही?"

"छे, दहाच," प्योसर लाजले. "अकरावा बायकोनं पाठवला होता."

योमसरांचा पुन्हा जळफळाट झाला. त्यांच्या बारांत बायकोचा एकही नव्हता!