डोहातली मोटार

हवालदार नाना गव्हाणे टोपीवरून हेडफोन चढवून माळावर निघाले, की काष्टीच्या बाजाराला आलेली परगावची माणसं बैलगाड्या थांबवून बघत राहायची. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती, पाठीवर बॅटरीचं ओझं. चकती जमिनीवरून अशी फिरवायचे, जणू माळ सारवायला काढलाय. मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे आणि जमिनीला विचारायचे, "कुनाचं रं तू?"

यंत्र दुसऱ्या महायुद्धातलं, पुरलेले सुरुंग शोधायचं. नगरला लष्कराच्या भंगाराचा लिलाव झाला तेव्हा नानांनी ते उचलून आणलं. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी गावातल्या शाळेत मास्तर, आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. त्यामुळे त्यांची ठोकाठोक आमच्या संसाराचाच भाग झाली होती.

नाना गुप्तधन शोधतात, अशी गावाची पक्की समजूत. एकदा एका पडीक रानात यंत्र वाजलं, उकरलं, तर तांब्याचा अख्खा हंडा निघाला. माणसं धावली. नानांनी आत डोकावलं, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "छ्या! मला वाटलं लॉरीचं डिफरन्शल हाय." हंडा रानमालकाच्या अंगणात ठेवून ते पुढच्या बांधाला लागलेसुद्धा.

त्यांना फक्त मोटारीचे भाग हवे असत. लढाईच्या काळात त्या रस्त्यानं लष्कराच्या लॉऱ्या गेल्या होत्या, जुन्या खासगी सर्व्हिस मोटारी तर तिथं रोजच बंद पडत, म्हणून मातीत माल भरपूर. सापडलेला तुकडा नाना रॉकेलमध्ये भिजवत, चिंचेच्या कोळानं घासत, टिचकी मारून ऐकत, नाकाशी नेत. मग त्याची कुळी सांगत. "स्प्रिंगचं पान. मागल्या उजव्या अंगाचं. लई वझं वाहिलंय बिचाऱ्यानं." माझ्या बायकोला, सुमनला, त्यांनी एक पिस्टन भेट दिला होता. "सूनबाई, लसूण ठेचाय ह्याच्यासारखं न्हाई काही." खोटं कशाला सांगू, चटणी उत्तम व्हायची.

बहात्तरच्या दुष्काळात घोड नदी पार कोरडी पडली. नदी ओलांडायच्या जुन्या उताराखालच्या डोहाचा तळ गावानं पहिल्यांदाच पाहिला. बायका तिथं वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. नाना यंत्र घेऊन डोहात उतरले, आणि एका जागी ते असं किंचाळलं की त्यांनी हेडफोन उपसून गळ्यात टाकले.

"मास्तर, हितं तुकडा न्हाई," ते मला म्हणाले. "हितं खटलं हाय सगळं, अख्खी मोटार."

खडी फोडायच्या कामावरून परतणारी माणसं संध्याकाळी फावडी घेऊन मदतीला आली. वाकलेला सांगाडा निघाला, चाकाची रिंग निघाली, गिअरबॉक्स निघाला. आणि मग एक गंजका तुकडा घेऊन नाना खालीच बसले.

"क्लचचं पायडल हाय. पन ह्याच्यावर बैलाचा नाल कुनी ठोकला?"

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, मोटारीला बैल जुंपत असतील. एवढ्यात झिऱ्यापाशी पाणी भरत बसलेली भागीरथीकाकू उठली. तिची कळशी कलंडली, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

"आमच्या मानसाचा पाय पोचत नव्हता," ती म्हणाली. "लाकडाचा ठोकळा बसवला हुता पायडलवर. तो झिजाय लागला म्हनून वर नाल ठोकला. नाल मीच दिला हुता."

हसणं जागच्या जागी थांबलं. कारण भागीरथीकाकूचा नवरा कोंडिबा कोण होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो एका बागाईतदाराच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन पुराच्या दिवसांत रिकामी मोटार घेऊन परत यायला निघाला आणि आलाच नाही. मालकानं लांबच्या, पुलावरच्या रस्त्यानं यायला बजावलं होतं. तेव्हा तो उतारावर कशाला येईल, मोटार विकून मुंबईला पळाला, असं ठरून गेलं. तेव्हापासून भागीरथीकाकू चोराची बायको. दुसऱ्यांच्या रानात खुरपून तिनं दिवस काढले, पण कपाळावरचं कुंकू पुसलं नाही, आणि कुणासमोर मान खाली घातली नाही.

नानांनी गिअरबॉक्स घरी न नेता चावडीपुढं ठेवला. दोन दिवस त्याला रॉकेल पाजलं. मग बागाईतदाराच्या मुलाला निरोप धाडला. म्हातारे मालक वारले होते. मुलगाही आता पिकल्या केसांचा. तो आला, गाव जमलं, नानांनी छिन्नीनं झाकण उचकटलं आणि आतल्या दातऱ्यांवरून बोट फिरवलं. एकदा नव्हे, पुन्हा फिरवलं. मग ताठ उभे राहिले.

"गाडी रिव्हर्सला हाय," ते परेडवरच्या आवाजात म्हणाले. "लवकर घरी यायला उतारावरनं आला, ही त्याची चूक. पन पानी चढल्यावर दार उघडून उडी टाकली असती तर जगला असता. त्यानं मालकाची गाडी सोडली न्हाई. मागं घेत ऱ्हायला."

बागाईतदाराच्या मुलानं टोपी काढली आणि भागीरथीकाकूच्या पायाला हात लावला. "काकी, आमच्या घरानं तुमच्यावर लई अन्याय केला."

"पाया नका पडू," ती म्हणाली. "कोंडिबा चांगला ड्रायव्हर हुता, एवढं गावासमोर म्हना."

तो म्हणाला, मोठ्यानं म्हणाला. तिनं पदरानं कपाळ पुसलं. कुंकू गेलं, पण तिची मान त्या दिवशी होती तेवढी उंच मी कधीच पाहिली नव्हती. नानांनी टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला. मीही नंतर आठवडाभर, कुणी विचारो न विचारो, "नाना आमचे शेजारी" असं सांगत फिरलो.

त्याच संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी विचारलं, "नाना, मोटारींचाच एवढा नाद कसा लागला?"



"माझा धाकटा भाऊ, म्हादू, लढाईत आमच्याच कंपनीत लॉरी चालवायचा," ते म्हणाले. "ब्रह्मदेशात एका नाल्याकडं गेला, तो लॉरीसकट परत आला न्हाई. कागदावर बेपत्ता लिवलं. कुनी म्हनलं, पळून गेला. मी वर्कशॉपात हुतो, मला शोधाय सोडलं न्हाई. आई मरंपतूर इचारायची, पळाला का रं म्हादू?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिथं कुनाच्या तरी नांगराला त्याच्या गाडीचा तुकडा लागत असंल, मास्तर. त्या मानसानं तो फेकून देऊ नये, एवढंच वाटतं."

सुमन दारात उभी होती. ती आत गेली आणि चहाचा कप आणून त्यांच्यापुढं धरला. नानांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि प्यायचं विसरून तसाच धरून बसले.