कम्प्युटरचा शुक्रवार

अख्ख्या धसईत ईमेलचा पत्ता असलेला माणूस एकच होता, आणि तो मी! गावात सरपंच होते, पोस्टमन होता, डॉक्टर होते. पण ईमेल म्हटलं की भगीरथ. आठवड्यातून एकदा एस.टी.नं मुरबाडला जायचं, सायबर कॅफेत बसायचं आणि येताना जगाचा कारभार आपल्याच खांद्यावर असल्यासारखं चालायचं, हा माझा शिरस्ता. ही गोष्ट दोन हजार दोन सालची.

त्या एप्रिलात ठाण्याच्या मित्राचा मेल आला. इंग्रजीत, लाल अक्षरांत, उद्गारचिन्हांची नुसती पलटण! मराठीत सांगायचं तर असं: "सावधान! येत्या शुक्रवारी एक महाभयंकर व्हायरस जागा होणार! त्या दिवशी जो कम्प्युटर चालू असेल, तो जळून खाक! हा निरोप ताबडतोब सर्वांना पाठवा!"

सर्वांना म्हणजे कोणाला? धसईत दुसरा पत्ताच नव्हता. मी स्वतःलाच पाठवून पाहिला. लगेच मिळाला.

मी तेव्हा छायाताईंच्या कम्प्युटर क्लासात शिकवायचो. तीन कम्प्युटर, आणि वाड्यापाड्यांतून चालत येणारी पोरंपोरी. नेमके त्याच शुक्रवारी ठाण्याहून साहेब क्लास बघायला येणार होते. त्यांनी मान्यता दिली तर पोरांच्या सर्टिफिकेटला किंमत. नाही दिली तर क्लासला कुलूप आणि मी पुन्हा गिरणीत भाताच्या गोणी शिवायला!

"ताई, शुक्रवारी कम्प्युटर लावायचे नाहीत," मी सांगितलं.

"भगीरथ, डोकं ठिकाणावर आहे ना? आपल्या कम्प्युटरला फोनची तारसुद्धा नाही. तुझा व्हायरस येणार कशानं? मुरबाडच्या एस.टी.नं?"

"फ्लॉपीतून येतो, ताई!"

"येऊ दे. चहा पाजू. पण साहेबांसमोर तिन्ही कम्प्युटर चालू पाहिजेत, सांगून ठेवते!"

ताई नेहमी असं म्हणतात आणि विषय संपवतात! पण मी कसला ऐकतो? बाजाराच्या दिवशी वांग्यांच्या ढिगामागे उभा राहून मी गावाला सावध केलं. गावात कम्प्युटर चारच, तीन आमचे आणि एक गिरणीचा. पण घाबरले मात्र सगळे. शेवटी गावकीचे धाकलूदादा पुढे झाले. आमच्याकडे आषाढात गावदेवीचे मंगळवार पाळतात. त्या दिवशी बैल जुंपायचा नाही, शेतात पाय ठेवायचा नाही. मोडला तर देवीला नारळाचा दंड.

"म्हंजे कम्प्युटरचा वार पाळायचा, असाच ना?" दादा म्हणाले. "मग त्यात काय हाय! मंगळवार बैलांचा, शुक्रवार कम्प्युटरचा. तारा काढून आणा न् देवीच्या खुंटीला टांगा. कोनाला मोहच नको!"

मला एवढं पटलं की काय सांगू! शुक्रवारी सकाळी ताई यायच्या आत मी तिन्ही कम्प्युटरच्या तारा काढल्या आणि देवळात नेऊन टांगल्या. गिरणीवाल्यानंही आपली आणली. बायकोनं, राहीनं, आदल्या रात्रीच विचारलं होतं, "अवो, आपल्या टीव्हीची पण तार काढू का?"

मी हसलो. शहाणा माणूस हसतो तसा! "अगो वेडे, टीव्हीला काय ईमेल येतो?"

साहेबांची जीप आली. रागीट चेहरा, बगलेत फाइल. फॅनखालची खुर्ची त्यांनीच पसंत केली. "हं, चालू करा."

ताईंनी बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मग त्यांनी मागे वाकून पाहिलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं भात शिजला असता!

"तारा कुठायत?"

"देवळात."

"आण! आत्ताच्या आत्ता!"

मी धोतराला आग लागल्यासारखा पळालो. पँट होती, पण पळणं तेच. देवळाच्या पायरीवर धाकलूदादा तंबाखू मळत बसले होते.

"दादा, तारा द्या! साहेब आलेत! नोकरी जाते माझी!"

"दिस मावळल्याशिवाय नाय. वार म्हंजे वार."

"अहो, पण वार मीच सांगितला ना! मीच मोडतो!"

"तूच सांगितलास म्हनून तर तुला अजिबात मोडता येनार नाय!"

हात हलवत परत आलो. साहेबांनी फाइल उघडली होती. "कम्प्युटर क्लास आणि कम्प्युटर बंद! कारण काय, तर वार! नामंजूर!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं दारातून बघत होती.

तेवढ्यात गावाबाहेर वानरांच्या टोळीनं आंब्याची वाळकी फांदी मोडली. फांदी पडली विजेच्या जास्त दाबाच्या मोठ्या तारेवर आणि मोठी तार घराघरांत जाणाऱ्या लहान तारेवर! क्लासातला फॅन असा गरगरला की साहेबांची फाइल पानापानानं खिडकीबाहेर! ट्यूब फाटकन फुटली, बोर्डातून धूर निघाला, साहेब टेबलाखाली! गावभर फाटफाट आवाज, बायकांचा आरडाओरडा, गिरणीची मोटर खल्लास!

मग सगळीकडे शांतता. टेबलाखालून साहेबांनी विचारलं, "कम्प्युटर?"

"त्यांना काय होतंय!" मी छाती पुढे काढली. "त्यांच्या तारा देवळात!"

सूर्य मावळेपर्यंत वायरमननं लाइन जोडली, क्लासातला जळका बोर्ड बदलला. धाकलूदादा स्वतः तारा घेऊन आले, प्रत्येकीला हळदकुंकू लावून. बटण दाबलं आणि तिन्ही कम्प्युटर झळकले! ट्यूब नव्हती, तर त्यांच्याच उजेडात साहेबांनी पोरांनी वेचून आणलेल्या मान्यतेच्या कागदावर सही ठोकली. पोरांनी छप्पर उडेल अशी आरोळी दिली आणि ताई हसतरडत म्हणाल्या, "भगीरथ, तुला मारू की ओवाळू?"

निघताना साहेब कानात कुजबुजले, "तो मेल म्हणजे नुसती थाप आहे हो. आमच्या ऑफिसात दर वर्षी येतो." असेना! जिंकलेल्या पैलवानाला डाव कुठून शिकलास असं कोणी विचारतं का? गावानं मला शाल घातली, हातात नारळ दिला. ढोल लावून मला घरापर्यंत पोचवलं. धाकलूदादांनी तर वाटेतच जाहीर केलं, "यापुढं दर शुक्रवारी कम्प्युटरचा वार!"

दारात राही उभी होती. तिच्या मागे, लग्नात तिच्या बापानं दिलेला रंगीत टीव्ही काळाठिक्कर होऊन पडला होता. ढोल आपोआप थांबला. मी शाल सावरली, नारळ पुढे केला.

तिनं शांतपणे नारळ घेतला आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "या. टीव्हीला ईमेल आलाय."